बाळ कार सीटमध्ये बसतच नाही – सीट चुकीची, की आम्ही?

मधुमालती

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे गपचूप पाककृती वाचून जाते, आज प्रश्न घेऊन आलेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमचा मुलगा आठ महिन्यांचा, वजन साडेआठ किलो. घरी त्याला चिकू म्हणतात, इथेही तेच म्हणते. राहायला कोथरूड. गाडी २०१५ ची छोटी हॅचबॅक. आयसोफिक्स, म्हणजे कार सीट थेट अडकवायच्या गाडीतल्याच कड्या, नाहीत. मागे दोन्ही कडांना नेहमीचे तिरके पट्टे, मधल्या जागेला फक्त कमरेचा.

कार सीट आम्ही विकत घेतलेली नाही. माझी चुलतनणंद डॅलसहून कायमची परत आली तेव्हा सामानात तिच्या मुलांची सीट होती. नंतर ती बावधनच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर पडून होती. "एवढी महागाची, उगाच कशाला नवीन घेता" म्हणून आमच्याकडे आली. मी सगळी सोडवून, पट्ट्यांसकट साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुतली, गच्चीत वाळवली. अगदी नव्यासारखी दिसते. माहितीपुस्तक मात्र हरवलंय.

मागच्या महिन्यात उष्टावणासाठी साताऱ्याला गेलो. सीट पुढे तोंड करून लावली, कारण उलटी लावली तर बाळाचं तोंड दिसत नाही आणि पायही दुमडतात, असं सासूबाईंचं म्हणणं. मलाही ते पटलं. जाताना शिरवळपर्यंत झोपला. खंबाटकीचा घाट लागला तसा जागा झाला आणि जे रडायला लागला! वळणावर सीटच एका बाजूला कलंडायची, मी हाताने धरून बसले होते. येताना तर खेड शिवापूरचा टोलनाका गेल्यापासूनच भोकाड. कात्रजच्या नव्या बोगद्यात त्याचा आवाज असा घुमला की आई म्हणाल्या, "अगं, पोराला मारताय का? काढ त्याला बाहेर." मी काढलं. त्यांच्या मांडीवर गेला आणि मिनिटात गप्प. घरी पोचलो, सगळे खूश.

पुढच्याच आठवड्यात कर्वे रोडवर एका रिक्षाने मध्येच यू टर्न मारला. नवऱ्याने ब्रेक दाबला. वेग फार तर तीसचा असेल. चिकू आईंच्या मांडीवर होता, त्यांनी घट्ट धरलंही होतं, तरी तो पुढे गेला आणि कपाळ पुढच्या सीटच्या मागे आपटलं. सुपारीएवढं टेंगूळ. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. आई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. पण आता त्या म्हणतात, गाडीच नको, आणि नवरा म्हणतो, सीटशिवाय गाडी हलणार नाही. मी मध्ये.

तर, ही सीट वाईट आहे का? नवीन घ्यावी तर आमच्या गाडीत कोणती बसेल? आणि मी एकटी गाडी चालवत असेन तेव्हा पुढे माझ्या शेजारी लावली तर चालेल का, म्हणजे निदान तो मला दिसेल?

पेठेतला_पोस्टमन

आमच्या वेळी एका फियाटमध्ये सात मोठी आणि चार पोरं बसून महाबळेश्वरला जाऊन यायची. मी स्वतः मागच्या काचेपाशी, स्पीकरच्या फळीवर झोपून गेलेलो आहे. काही झालं नाही. हल्ली बाळ जन्मायच्या आधी त्याच्या खरेदीची यादी जन्माला येते. आजीच्या मांडीपेक्षा सुरक्षित जागा अजून कुठल्या कारखान्यात बनलेली नाही.

पानापक्कड

पोस्टमनकाका, तुमचं काही झालं नाही म्हणून तुम्ही लिहिताय. ज्यांचं झालं ते लिहायला येत नाहीत.

मधुमालतीताई, माझी सव्वीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांच्या सीटा आणि पट्टे यांच्यात गेली. आता निवृत्त आहे, सकाळी एआरएआय टेकडी चढतो आणि दुपारी जावयाच्या गाडीला नावं ठेवतो. त्यामुळे वेळ आहे. सविस्तर लिहितो.

आधी मांडीचा हिशेब, कारण तो सासूबाईंनाही वाचून दाखवता येईल. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. समोर काही आदळलं आणि गाडीचं नाक साधारण साठ सेंटीमीटर चेपून गाडी थांबली, तर आतल्या प्रत्येकावर सरासरी वजनाच्या सोळा पट जोर येतो. चिकू त्या क्षणापुरता सव्वाशे किलोच्या वर जातो. भरलेलं शंभर किलोचं पोतं कोणी तुमच्या हातातून ओढलं तर धरून ठेवाल? यात आजीच्या मायेचा प्रश्नच नाही, मनगटाचा आहे. आणि आजीने स्वतः पट्टा लावला नसेल तर मागून आजीचं वजन बाळावर येतं, ते वेगळंच. दोघांना मिळून एकच पट्टा लावणं त्याहून वाईट, पट्टा आणि मोठं माणूस यांच्यात बाळ चेंगरतं.

आणि तुम्ही बाळाला सीटमधून काढलं ते नेमकं कुठे? कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार. ब्रेक तापलेले ट्रक जिथे उतरतात तोच. पुण्यातला कोणीही सांगेल की अख्ख्या सातारा रस्त्यावर बाळाला मांडीवर घ्यायला याहून वाईट जागा नाही. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. पुढच्या वेळी बोगद्याच्या अलीकडे गाडी बाजूला नीट थांबवा, बाळाला घ्या, गप्प करा, परत बसवा, मग निघा.

आता तुमची सीट. ती उलटी करून तळ बघा. अमेरिकन सीटवर तयार झाल्याची तारीख आणि बहुतेक वेळा कधीनंतर वापरू नये तेही छापलेलं असतं. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं उन्हात आणि माळ्यावरच्या उकाड्यात राहिलं की ठिसूळ होतं, सहा ते दहा वर्षं हे तिचं आयुष्य. तारीख उलटून गेली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी पट्टे रात्रभर साबणात भिजवलेत ते चुकलं, पट्टे फक्त ओल्या फडक्याने पुसायचे असतात. आणि डॅलसला गाडीला धक्का बसला होता का, ते नणंदेला विचारा. एकदा अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसते, आतून गेलेली असू शकते.

ती वळणावर कलंडायची त्याचं कारण सांगतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेतल्या गाड्यांचे पट्टे पूर्ण बाहेर ओढले की कटकट करत एकाच दिशेने आत जातात आणि तिथेच घट्ट बसतात. आपल्याकडचे पट्टे सहसा फक्त झटका बसला तरच अडकतात, एरवी सैल सुटतात. माणसाला त्याने सोय होते, कार सीटला मात्र ती डुलायला मोकळीक. त्यासाठी एच अक्षरासारखी पोलादी क्लिप मिळते, ती बकलजवळ पट्ट्याला लावतात. युरोपच्या नियमाने बनलेल्या बऱ्याच सीटमध्ये पट्टा दाबून धरणारा चाप आतच असतो. तुमच्या गाडीसाठी अशीच बघा.

घेताना केशरी रंगाचं लेबल शोधा. त्यावर गोलात ई अक्षर आणि त्याच्याजवळ देशाचा आकडा असतो. जुना नियम आर ४४, त्यात वजनाने गट पडतात आणि मंजुरीचा क्रमांक ०४ ने सुरू झालेला हवा. नवा आर १२९, तो उंचीवर चालतो आणि पंधरा महिन्यांच्या आत बाळाचं तोंड पुढे करायला परवानगीच देत नाही. युरोपात सप्टेंबर २०२४ पासून आर ४४ च्या नव्या सीट विकणं बंद झालं, आपल्याकडे अजून मिळतात आणि नीट लावली तर चांगलं काम देतात. आपलं स्वतःचं मानक एआयएस ०७२. लेबलच नसेल तर दुकानदार कितीही गोड बोलला तरी नाही म्हणा. नुसता स्पंज आणि दोन पट्टे शिवून "कार सीट" म्हणून विकायला ठेवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंड मागे. लहान बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, आणि मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्याने अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण त्या मानेवर. मागे तोंड असेल तर पाठ, मान, डोकं मिळून सीटच्या कवचात दाबलं जातं. स्वीडनमध्ये चार वर्षांची मुलंसुद्धा उलटी बसतात. पाय दुमडतात ते दुमडू द्यात, मांडी घालून बसायला आपल्याला कोण शिकवतं?

इथे एक खाच आहे. आर ४४ च्या बऱ्याच सीटवर "९ किलोपासून पुढे तोंड" असं लिहिलेलं असतं. चिकू साडेआठचा आहे, म्हणजे येत्या महिन्या-दीड महिन्यात घरातला प्रत्येक जण सांगेल की आता फिरवा. नऊ किलो ही कायद्याने चालणारी कडा आहे, फिरवायचा मुहूर्त नव्हे. म्हणून घेतानाच विचारा, उलटं तोंड किती किलोपर्यंत चालतं? काहींत दहा, काहींत तेरा, काही थोड्यांत अठरा. आकडा जितका मोठा तितकी घ्या. नुसती बादलीसारखी उचलायची सीट आता घेऊ नका, तेरा किलोला तिचा खेळ संपतो.

पुढच्या सीटवर लावायचा विचार डोक्यातून काढून टाका. समोर एअरबॅग चालू असताना उलट्या सीटमधलं बाळ म्हणजे त्या फुग्याच्या तोंडाशी ठेवलेलं डोकं. तुम्ही एकट्या असलात तरी बाळ मागेच. डावीकडे लावा, उतरवताना फूटपाथची बाजू मिळते. (फूटपाथ असला तर.) मधली जागा एरवी उत्तम, पण तुमच्याकडे तिथे फक्त कमरेचा पट्टा आहे, त्यावर बहुतेक सीट चालत नाहीत.

विकत घेण्यापूर्वी गाडी दुकानापाशी न्या आणि लावून बघा. उलट्या सीटला पट्टा फार लांब लागतो, काही गाड्यांत तो पुरतच नाही, आणि छोट्या गाडीत पुढची सीट बरीच सरकवावी लागते. युरोपच्या सीटवर निळ्या खुणा म्हणजे तोंड मागे असताना पट्ट्याचा रस्ता, लाल म्हणजे तोंड पुढे. रेक्झिनचं गुळगुळीत कव्हर असेल तर तेवढ्या जागेचं काढा. मग सीटवर गुडघा टेकवून सगळं वजन द्या आणि पट्टा ओढा. जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलता कामा नये. वरून हलवून बघू नका, वर थोडी हलणारच.

कायद्याचं एका ओळीत: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमाने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. कोणी पकडलेलं मी अजून पाहिलं नाही, पण सासऱ्यांना कायदा सांगितला की पटतं, असा अनुभव आहे.

मधुमालती

काका, सीट उलटी केली. तयार झाल्याची तारीख फेब्रुवारी २०१६, खाली "डिसेंबर २०२२ नंतर वापरू नये". म्हणजे चिकूच्या जन्माआधीच बाद झालेली! नणंदेला कसं सांगू हा वेगळाच धागा काढावा लागेल.

पानापक्कड

सांगायची गरज नाही. फक्त पट्टे कात्रीने कापून मग भंगारात द्या, नाहीतर ती सीट उद्या दुसऱ्या कोणाच्या गाडीत दिसेल.

वाकडची_वैदेही

काकांनी यंत्र सांगितलं, मी रडणं सांगते. माझ्या दोघी या सीटमध्ये किंचाळून मोठ्या झाल्या.

पहिली गोष्ट, त्याला सीटची ओळख थेट साताऱ्याच्या प्रवासात करून देऊ नका. घरात हॉलमध्ये ठेवून, खेळणं देऊन, पाच मिनिटं बसवा. मग गाडी सोसायटीत उभी असताना. मग डहाणूकर कॉलनीला एक फेरी. आम्ही आठवडाभर नुसते भाजीला गाडीतून जायचो, पायी पाच मिनिटं लागतात तिथे. फक्त घरात त्यात झोपू देऊ नका, झोप लागली की काढून सपाट अंथरुणावर. डोकं पुढे पडून श्वास अडकू शकतो.

दुसरं, उकाडा. उलट्या सीटपर्यंत एसीचा वारा पोचत नाही. बाळाच्या पाठीला हात लावून बघा, घामाने चिंब असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू किती तापतो ते आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. माझ्या मोठीच्या मांडीला एकदा चटका बसला आणि मग ती सीट बघूनच रडायची, मी आपली म्हणत होते, हट्टी आहे. आता पार्किंगमध्ये सीटवर ओला पंचा टाकते. आणि बाळाला गाडीत ठेवून "आलेच दोन मिनिटांत" कधी नाही, काच खाली असली तरी नाही.

लांबच्या प्रवासात दर दीड-दोन तासांनी थांबून बाहेर काढायचंच, रडत नसला तरी. दूध चालत्या गाडीत पाजू नका. आणि आजींना शेजारी बसवा. उलट्या सीटमध्ये बाळाला आई-बाबा दिसत नाहीत, पण शेजारी बसलेली आजी पूर्ण दिसते. आमच्या आईंना हे कळल्यावर त्यांचा विरोध तिथेच संपला, कारण सगळा प्रवासभर नात फक्त त्यांच्याकडे बघते.

पेठेतला_पोस्टमन

काचेपाशी झोपायचो खरा. एकदा ब्रेक लागला तेव्हा पुढे काकूच्या अंगावर जाऊन पडलो होतो, ते लिहायचं राहिलं. काकूचा चष्मा फुटला होता. चालू द्या.

मधुमालती

तीन आठवड्यांनी लिहितेय, कोणी वाट बघत असेल तर सॉरी.

सीट घेतली. दोन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानात मुलगा म्हणाला, "मॅडम, आठ महिन्यांचा आहे ना, मग पुढे तोंड करूनच लावतात सगळे." त्याला मी लेबल कुठे आहे विचारलं तर त्याने वॉरंटी कार्ड दाखवलं. दुसरीकडे बाईंनी स्वतः गाडीत बसून लावून दाखवली. पहिली बसलीच नाही, पट्टा चार बोटं कमी पडला, अगदी काका म्हणाले तसं. दुसरी बसली. उलटं तोंड अठरा किलोपर्यंत. पैसे ठरवलेल्यापेक्षा बरेच गेले, नवऱ्याने गाडीचं नवीन म्युझिक सिस्टिम पुढे ढकललं आणि दोन दिवस तोंड पाडून बसला.

लावताना एक घोळ झाला. सीटच्या बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर हवी. आम्ही तासभर झटलो, रेघ काही जुळेना. मग लक्षात आलं की आमच्या सोसायटीच्या पार्किंगलाच उतार आहे. गाडी बाहेर सपाट रस्त्यावर नेली, पाच मिनिटांत जमलं.

आता आईंचं. त्यांना मी काकांचा शंभर किलोच्या पोत्याचा हिशेब वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तो पट्टा किती घट्ट हवा, दाखव बरं." माहितीपुस्तकात होतं तसं दाखवलं: खांद्यापाशी पट्ट्याची उभी चिमटी घेऊन बघायची, चिमटीत घडी आली तर सैल, बोटं नुसती घसरली तर बरोबर. बाईंनी आयुष्यभर चकलीचं पीठ चिमटीने पारखलंय. आता प्रत्येक वेळी मी बसवलं की त्या चष्मा वर करून दोन्ही खांद्यांशी चिमटी घेतात, आणि दहातल्या चार वेळा म्हणतात, "येतंय हातात. ओढ अजून." चार वेळा खरंच सैल असतो! पट्टा कुठे पिळला असेल तर तोही बोट फिरवून सरळ करतात. परवा नवऱ्याने घाईत चिकूला जॅकेटसकट बसवलं तर त्यांनी त्याला खाली उतरवून जॅकेट काढायला लावलं, कारण जाड कपड्याने चिमटी खोटं बोलते म्हणे. हे कुठल्याच पुस्तकात इतकं नीट लिहिलेलं नाही.

रडतो अजून. काल चांदणी चौकात रडला. पण आई शेजारी बसून "अडगुलं मडगुलं" म्हणतात आणि तो त्यांच्याकडे बघत हळूहळू हुंदके देत थांबतो. वैदेही, ओल्या पंच्याबद्दल तुझे खूप आभार.

एक राहिलंच. पहिल्या दिवशी सगळं लावून झाल्यावर आई मागे बसल्या आणि मी म्हटलं, "आई, आता तुमचा पट्टा." त्या शोधायला लागल्या, तर बकलच नाही. गाडी घेतल्यापासून कव्हरखाली दाबलं गेलं होतं, इतकी वर्षं कोणाला पत्ताच नाही. नवऱ्याने कव्हर कापून हात घातला, तेव्हा बकल निघालं. सोबत तीन शेंगदाणे आणि आमच्या लग्नाच्या वर्षातली माझी हरवलेली कुडी.